पेगच्या शेपटीचे केस

एनिडने बशीतला दूध-पाव कचऱ्याच्या डब्यात खरवडून टाकला आणि बशी कढत पाण्याखाली धरली. पिंजऱ्यात पेग कोपऱ्यात अंग चोरून दात करकर चावत होती. पोटात दुखलं की फेरेट असे दात चावतं, हे एनिडला आजच कळलं होतं. दोन महिने तिला वाटत होतं, नव्या घराचा हिला राग आला आहे.

पेग तिच्या थोरल्या भावाची, नॉर्मनची. मुंगसासारखी, पण त्याहून लहान, सायीच्या रंगाची. नोव्हेंबरात नॉर्मन वृद्धाश्रमात गेला तेव्हा त्याने ती एनिडच्या हाती दिली. खाणीत काम करणारा त्यांचा बाप सशांमागे सोडायला फेरेट पाळायचा, आणि त्यांना दूध-पाव घालायचं काम लहानग्या एनिडकडे असायचं. पेगलाही तिने तेच घातलं. मग काळी, चिकट हगवण लागली. एक दिवस केस गळून शेपटी उघडी दिसली, मग कंबर. खाजवून खाजवून कातडी लालभडक झाली.

प्राण्यांच्या डॉक्टर मिस रटर यांनी पेगला तपासून, वडिलांच्या वेळच्या दूध-पावाचं ऐकून एवढंच विचारलं होतं,

“तुमच्या वडिलांची फेरेटं किती वर्षं जगायची?”

“तीन. फार तर चार.” उत्तर देता देताच एनिडचा आवाज खाली गेला.

यांना दूध पचत नाही, पाव तर नाहीच, निव्वळ मांस हवं, मग सात-आठ वर्षं जगतात, असं डॉक्टरांनी समजावलं. केसांचं दुखणं वेगळं, ते वयामुळे एका ग्रंथीचं, त्यात तुमची काही चूक नाही, असंही त्या म्हणाल्या. एनिडने मान डोलावली, पण ते तिला पटलं नाही.

दर रविवारी नॉर्मन विचारायचा, पेग कशी आहे. मजेत आहे, अंग कसं चकाकतंय, असं एनिड सांगायची. “चकाकतंय?” असं तो पुन्हा विचारायचा. मग म्हणायचा, एकदा घेऊन ये. खुशाल आणा, असं आश्रमाच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एनिड मात्र कधी थंडीचं निमित्त काढायची, कधी बसचं. त्या उघड्या, लाल कमरेवर भावाचा हात फिरलेला तिला बघवला नसता.

तिने कोंबडीची काळजं बारीक चिरून घातली, सकाळ-संध्याकाळ पोटाचं औषध पाजलं. डॉक्टरांनी केसांसाठी खांद्यापाशी कातडीखाली औषधाची कांडी बसवली. पेगचं पोट मार्चमध्ये ठिकाणावर आलं, एप्रिलमध्ये लव फुटली. आणखी थोडी भरू दे, म्हणत एनिड थांबली. तेवढ्या दिवसांत नॉर्मनची नजर अधू झाली आणि त्याला नावं आठवेनाशी झाली.

मे महिन्यात तिने पेगला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याचा हात पाठीवरून शेपटीपर्यंत सावकाश गेला, आणि परत गेला.

“पोरी, ही माझी पेग नाही.”

“पेगच आहे, नॉर्मन.”

“तुला दिली तेव्हाच तिच्या शेपटीचे केस गळायला लागले होते. म्हणून तर टॉवेलात गुंडाळून दिली. आजारी आहे म्हटलं असतं, तर तू घेतली नसतीस.”

एनिड खुर्चीच्या कडेवर टेकली. केस परत आलेत, औषध दिलं, डॉक्टर चांगल्या आहेत, असं ती एका दमात सांगत गेली. तो शांतपणे ऐकत होता. लहानपणी ती खोटं बोलायची तेव्हाही तो असाच ऐकायचा.

“केव्हा गेली ती?”

त्याने चाचपडत तिचा हात शोधला आणि थोपटला.

“तू केलंस तेवढं पुष्कळ झालं. मीच सांगायला हवं होतं.”

पेग त्याच्या लोकरी बाहीत शिरली, कोपरापर्यंत गेली आणि तिथेच वेटोळं करून झोपली. नॉर्मनने हात जराही हलवला नाही. त्याचा चहा तसाच निवत राहिला.

“गुणी आहे,” तो म्हणाला. “नाव काय ठेवलंस हिचं?”

एनिडने भरलेली बाही पाहिली, मग त्याचा चेहरा.

“तूच ठेव,” ती म्हणाली.