दहावा माणूस

वाडीत सगळं दोन-दोन होतं. दोन गणपती, दोन दूध डेअऱ्या, चहाची हॉटेलंही दोन. एक विजयसिंह अण्णांच्या गटाचं, दुसरं सरपंचांच्या. त्यात साथ आली, तर साथीचेही दोन गट झाले. अण्णांनी सभेत सांगितलं, की हा रोग म्हणजे आपल्या सभा-मोर्चे बंद पाडायचा सरकारचा डाव आहे. झालं! त्या दिवसापासून तोंडाला रुमाल बांधलेला माणूस दिसला की तो सरपंचाचा समजायचा. आता शाळेत लसीचं शिबिर भरलं, तेही सरपंचांनी बोलावलेलं. म्हणजे अण्णांच्या माणसाने तिकडे फिरकायचं कारणच नव्हतं.

छबुबाई मात्र गेली. अण्णांचा हुकमी माणूस राधाकिशन, त्याची ती बायको. नवऱ्याला न विचारता आयुष्यात पहिल्यांदाच ती कुठे गेली असेल. पण पाडव्यानंतर कडा गावात दिलेली तिची धाकटी बहीण गेली, ती दवाखान्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच बाहेर आली. तोंड बघायला मिळालं नाही, माहेरचं लुगडं अंगावर घालता आलं नाही. छबुबाईला दमा होता. जरा चाललं की छाती भात्यासारखी वाजायची. बहिणीच्या मागोमाग आपलाच नंबर, हे तिने मनाशी धरलं होतं, आणि तिला मरायचं नव्हतं. साधी गोष्ट आहे, पण म्हाताऱ्या बाईने ती उघड बोलू नये अशी आपल्याकडे रीत आहे.

सरपंचांची माणसं सकाळीच टोचून घेऊन गेली होती. दुपारी छबुबाईला धरून उरलेसुरले नऊ जण जमले आणि तिथेच अडलं. नेकनूरहून आलेली नर्स सुनिता म्हणाली, “मावशी, एका बाटलीत दहा जणांची लस असते. एकदा उघडली की संपवावीच लागते, न्हाई तर वाया जाते. वरून जाब विचारत्यात. एक माणूस आणा, लगेच उघडते.” तिचा गाडीवाला निघायची घाई करत दोनदा डोकावून गेला होता. ऊन उतरायला लागलं, तरी दहावा माणूस काही येईना.

छबुबाई उठली. शाळेसमोरच अण्णांच्या गटाचं हॉटेल होतं. टाळेबंदी सगळ्या गावाला होती, पण ह्या हॉटेलाचं शटर अर्धं उघडं असायचं. बंद करायची छाती कुणाची होती? बाकड्यावर राधाकिशन आणि चार-पाच जण चहा पीत बसले होते. ती रस्ता ओलांडून थेट पुरुषांत जाऊन उभी राहिली.

“अवो, चला. एक मानूस कमी पडतंय.”

“घरला जा,” कपावरची नजर न काढता राधाकिशन म्हणाला.

“न्हाई जात. अण्णांपायी तुमी डोस्कं फोडून घेतलं, तवा जखमंत हळद मी भरली. कशाला म्हनून इचारलं का कवा? आज माझ्यासाठी निस्ता हात म्होरं करा.”

हॉटेलवाला सटवा खिदळला. “जा की, राधाकिशनदादा! काकूनं गट बदलला, तुमी बी बदला!”

राधाकिशनचा चेहरा उतरला. दंडाला धरून त्याने तिला हॉटेलच्या मागे नेलं. खाली बघत तो म्हणाला, “माझ्या येन्याचा उपेग न्हाई. माझी झालीय.”

“काय झालीय?”

“लस. शिमग्याला अण्णांसंगं बीडला गेलतो न्हवं का, तवा. अण्णांनी बी घेतली. कुनाला सांगायचं न्हाई म्हनून आमाला बेलभंडारा उचलायला लावला.”

खंडोबाचा बेलभंडारा उचलला की शब्द मोडायचा नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण तिच्या मनात आलं ते वेगळंच. शिमगा आधी, पाडवा नंतर. बहिणीसाठी ती ऊर बडवून रडत होती, तेव्हा हाच माणूस अंगणात बसून लोकांना सांगत होता, की सर्दी-खोकल्यानं कुठं मानूस मरतं का. स्वतः लस घेऊन बसला होता आणि सांगत होता. तिला आधी राग नाही आला, लाज वाटली. ज्याच्या नावाचं कुंकू आपण लावतो त्याची.

ती तशीच पुढे आली. “आयका रे बाबांनो. ह्यांची लस झालीय. अण्णांची बी झालीय, शिमग्यालाच. आता तरी उठा एक जन.”

मागे राधाकिशन मान खाली घालून उभा होता, आणि तो नाही म्हणत नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. छबुबाईला वाटलं, आता उठतील. सटवाने हातातली गाळणी खाली ठेवली, थोडा विचार केला.

“काकू, अण्णांनी घेतली आसंल तर ती येगळी आसंल. बीडची. ही सरपंचाची हाय.”

“त्येच म्हनतो मी,” बाकड्यावरचा एक जण म्हणाला. “अण्णा इचार केल्याबिगर काय करायचे न्हाईत.”

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. माना डोलल्या आणि सटवाने पुन्हा चहा ओतला.

छबुबाई शाळेकडे परतली तेव्हा बाकीचे आठ जण पांगले होते आणि सुनिता बर्फाची पेटी गाडीत ठेवत होती.

“नेकनूरला भरत्यात का गं दहा?”

“उद्या सकाळी भरतील, मावशी.”

“मंग मला संगं ने. रातच्याला दवाखान्याच्या वट्यावर पडंन.”

सुनिताने तिच्याकडे नीट बघितलं आणि गाडीत चढून सरकून जागा केली. छबुबाई आत बसली. तेवढ्यात राधाकिशन धावत आला. “अगं, लोक काय म्हनतील? उतर खाली. घरी चल.”

“येते की. पन मी मेले तर मला खांदा कुन्या गटानं द्यायचा, त्ये आधी अण्णांना इचारून या.”

तो दाराला धरून उभा राहिला. सुनिताने दार ओढलं तेव्हा त्याने हात काढून घेतला. गाडी निघाली. छबुबाईने मागच्या काचेतून बघितलं. तो रस्त्याच्या मधोमध एकटाच उभा होता. सटवाने शटरखालून त्याला हाक मारली असावी, कारण त्याने तिकडे वळून बघितलं. गाडीच्या दिशेने तो दोन पावलं आला, थांबला, आणि मग हॉटेलाकडे निघून गेला.