अठ्ठ्याऐंशीवा दिवस

फोरमनला कामावरून काढलं ते बरोबर अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी. माणूस नव्वद दिवस टिकला तरच तो पुरवणाऱ्या एजन्सीला फी, असं करारात होतं, आणि कारखान्याचा मालक दिवस मोजण्यात पक्का होता.

फोरमन एजन्सीवालीच्या दोन खुर्च्यांच्या ऑफिसात आला, पण बसला नाही.

“ताई, माझ्या कामात खोट काढा, मी मान खाली घालतो. पण तुमच्या फीपायी माझ्या पोटावर पाय आला. ही अट कुणी घातली?”

“त्यांनी.”

“आणि सही कुणी केली?”

नवं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून तिने डोळे झाकून सही ठोकली होती.

“काल त्यांचा फोन होता,” तो म्हणाला. “परत ये म्हणतात. पगार कमी, आणि एजन्सीला कळता कामा नये.”

तिचं टाळकं सडकलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मालकाच्या केबिनमध्ये शिरली. त्याने बसा म्हटलं नाही.

“माणूस बिनकामाचा निघाला. त्याला मी काय करू?”

“मग बिनकामाच्या माणसाला परत का बोलावता?”

मालकाचा पेन थांबला. तिने करार पुढे सरकवला आणि नवव्या कलमावर बोट ठेवलं. वर्षाच्या आत त्याच माणसाला परत घेतलं, तर पूर्ण फी.

त्याने ते सावकाश वाचलं आणि हसला. “मग नाही घेत. झालं समाधान? आता जा आणि सांगा त्याला, दारात आलेली नोकरी ताईंनी घालवली.”

“चोर तो चोर, वर शिरजोर!” एवढंच तिला सुचलं. करार उचलून ती जिना उतरली.

फोरमनला सांगायला ती स्वतः त्याच्या घरी गेली. दारात त्याची बायको होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

मग तीन आठवडे एजन्सीवालीने त्याच्या नोकरीसाठी ओळखीपाळखीच्या सगळ्यांची डोकी खाल्ली. मधेच मालकाचाही फोन आला. दोन मशिनं बंद पडली होती.

“नव्वदचे साठ करू. माणूस पाठवा.”

“माणूस रुजू होईल त्या दिवशी पूर्ण फी. नाहीतर स्वतः शोधा.”

“बाई, माज आलाय तुम्हाला!” त्याने फोन आपटला.

शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्यात फोरमनचं जमलं. पगारही पहिल्यापेक्षा बरा. नेमणुकीचं पत्र घ्यायला तो आला तेव्हा या खेपेला बसला, आणि चष्मा लावून ओळ न् ओळ वाचत राहिला. तिने पाणी पुढे केलं, त्याने हात लावला नाही.

“मॅडम,” तो म्हणाला, “सही कुठे करायची?”

तिने जागा दाखवली.