मुलांशी बोबडे बोलू नये

सुकीनं तोंड उघडलं, पण ते जांभई द्यायला.

चाळीस मिनिटं झाली होती. टेबलावर माझी चित्रांची कार्डं पसरली होती: कावळा, गाय, गाजर, घड्याळ, जहाज. साडेपाच वर्षांची सुकी एकेक चित्र नीट बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि ओठ घट्ट मिटून आईच्या पदरात शिरायची. जहाजाकडे तर तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. तलासरीच्या पुढच्या डोंगरातल्या मुलीनं जहाजाचं करायचं तरी काय?

"घरी लय बोलते, मॅडम," तिची आई रविना म्हणाली. "डोकं खाते माझं. बाहेर आली का मुकी."

रविनानं शाळेतली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली होती. मुलीचं बोलणं समजत नाही, वर्गात प्रतिसाद नाही, तरी विशेष मुलांच्या निवासी शाळेत घालावं, तज्ज्ञांचा अहवाल शनिवारपर्यंत आणावा. तज्ज्ञ म्हणजे मी, शितल मॅडम. डहाणू रोडला आमच्या संस्थेच्या दवाखान्यात दर मंगळवारी पालघरहून येणारी, बोलण्याच्या अडचणी असलेल्या मुलांना शिकवणारी. सुकीचे कान मी तपासले होते, ते उत्तम होते. पण तिचं बोलणं ऐकल्याशिवाय मी लिहू काय? फार तर 'प्रतिसाद नाही' असं लिहिता आलं असतं, आणि त्या दोन शब्दांवर सुकीची पेटी भरली गेली असती.

"ती शाळा लय लांब हाय," रविना म्हणाली. "मना सोडून ही एक रात नाय राहिली. तुमी लिवाल तसंच होईल, मॅडम. बघून लिवा."

कोपऱ्यात आमचे शिपाई सुदामभाऊ उभे होते. पन्नाशी ओलांडलेले, आशागडचे. सहा वर्षं ते माझ्याबरोबर होते आणि सहा वर्षांत मी त्यांच्या तोंडून साठेक शब्द ऐकले असतील. "चहा आणू?" "बसा." "पाऊस येतोय." "बरं." पेशंटचं नाव पुकारायची वेळ आली की ते केसपेपर घेऊन रांगेतून चालत जायचे, त्या माणसाच्या खांद्याला हात लावायचे आणि त्याला घेऊन यायचे. मी त्याला नम्रपणा समजत होते. आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "आमचे सुदामभाऊ म्हणजे सोनं. तोंडातून शब्द नाही." शिकलेल्या माणसाची अक्कल अशी असते.

चिठ्ठी मी मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा ते ऐकत होते. मध्येच बाहेर गेले आणि पंधरा-वीस मिनिटांनी एक घमेलं घेऊन आले. स्टेशनजवळ धाकटी डहाणूच्या मासेवाल्या बसतात, त्यांच्याकडून आणलेला जिवंत खेकडा त्यात खरखर करत होता. कार्डांना न बधणारी मुलं अशा खऱ्या वस्तूंना बधतात, हा त्यांचाच शोध. मी त्याचं श्रेय दोन वेळा अहवालात स्वतःकडे घेतलं होतं.

सुकी पदरातून बाहेर आली. खेकड्यानं नांगी उचलली. तिनं तोंड उघडलं, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःचाच हात त्यावर गच्च दाबला.

"शाळेत पोरां हसली हिला," रविना हळू आवाजात म्हणाली. "बाईंनी नाव विचारलं, हिनं सांगितलं, तर आख्खा वर्ग हसला. तवापासून हात तोंडावर."

सुदामभाऊ उकिडवे बसले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सुकीकडे वळून म्हणाले, "थेतडा. थेतडा हाय. पतडतेस?"

माझं डोकंच फिरलं. आमच्या खोलीत भिंतीवर मोठी पाटी आहे: मुलांशी बोबडे बोलू नये. मजकूर माझा, खिळे सुदामभाऊंनी ठोकलेले. घरातली मोठी माणसं लाडानं मुलाचाच उच्चार त्याला परत ऐकवतात आणि मूल तेच धरून बसतं, हे मी दर मंगळवारी घसा फोडून सांगते.

"सुदामभाऊ! सहा वर्षं इथे आहात. पाटी काय शोभेला लावलीय?"

ते उठले नाहीत. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. घमेल्याकडे बघतच म्हणाले, "मी बोबडं नाय बोलत, मॅडम. मला असंच बोलता येतं. लहानपणापासून."

क, ख, ग, घ म्हणायला जीभ मागून उचलावी लागते. लहान मुलं ती पुढेच टेकवतात, मग कावळ्याचा तावळा होतो आणि गाईची दाय. बहुतेकांचं चौथ्या वर्षापर्यंत आपोआप सुटतं. काहींचं राहतं, ते थोडं शिकवलं की सुटतं. सुदामभाऊंना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी त्यांचा उपाय शोधला: ते शब्द बोलायचेच नाहीत. मंगळवार नाही, गाडी नाही. कुठे राहता असं विचारलं तर पूर्वेकडे हात करायचे, कारण आशागड म्हणता येत नव्हतं. आणि मराठीत क सोडला तर काय, का, कुठे, कधी, कोण सगळंच सुटतं. म्हणजे या माणसानं घराबाहेर आयुष्यभर कुणाला धड काही विचारलंच नव्हतं. आणि कानांनी पोट भरणारी मी, सहा वर्षं त्यांच्या हातचा चहा पीत होते.

मला लाज वाटली. भिंतीवरच्या पाटीकडे बघवेना.

शब्द फुटला तो सुकीला. ती पुढे आली, वाकून सुदामभाऊंच्या तोंडात डोकावली आणि म्हणाली, "तुला पन पोरां हसतात?"

"हसायची," सुदामभाऊ म्हणाले. "तवापासून मी बोलतच नाय."

सुकीनं विचार केला. "मी पन."

दोघंही घमेल्यात बघत बसले. मग सुकी म्हणाली, "हा बारता हाय. आमच्या नदीत मोठे थेतडे हायेत. बाबा हात धालून ताढतो."

"आणि धरी तोंबड्या तिती?"

"पाच. एत ताळी. ती अंडीच नाय देत. आळशी हाय."

मी घाईघाईनं पेन उचललं. सुकी सुटली ती सुटलीच. आळशी कोंबडीवरून भावावर, भावावरून शाळेतल्या खिचडीवर. सुदामभाऊ एकामागून एक विचारत होते आणि ती उत्तरं देत होती. वाक्यं लांबलचक, गोष्टीचा धागा कुठे तुटत नव्हता, आणि बिघाड एवढाच: क-ख-ग-घ. रविना तोंडाला पदर लावून बघत होती.

मी अहवालात लिहिलं की ऐकणं उत्तम, समज वयापेक्षा जास्तच, अडचण फक्त चार अक्षरांची आणि ती शिकवून जाईल, मुलीला गावातल्या शाळेतच ठेवावं. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या आणि वाचून दाखवलं.

"मंजे माझ्याजवळच ना?" रविनानं विचारलं.

"तुझ्याजवळच."

तिनं पदरानं आधी सुकीचं नाक पुसलं, मग स्वतःचे डोळे.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "सुदामभाऊ, माझं चुकलं."

"बरं," ते सवयीनं म्हणाले. मग जरा थांबून, "धरी मी लय बोलतो, मॅडम. बायतो तंटाळते."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी म्हटलं, तुमचंही सुटेल, वयाचं काही नाही, चार-सहा महिने लागतील, पुढच्या मंगळवारपासून सुरू करू.

"आधी तिला येऊ दे," ते म्हणाले. "मी आधी नीट बोललो तर ती इथं एतटी पडेल."

सुकी दर मंगळवारी यायची. चमच्याच्या दांड्यानं जिभेचं टोक खाली धरायचं आणि मागून आवाज काढायचा. दिवाळीच्या सुमारास क आला, मागोमाग ग. तोवर सुदामभाऊ दारात उभं राहून नावं पुकारायला लागले होते. रांगेत कुणी फिदीफिदी हसलं तर तेच नाव आणखी मोठ्यानं पुकारायचे.

मग मी त्यांना बसवलं. नुसता क यायचा, पण शब्दात घातला की नाहीसा व्हायचा. पन्नास वर्षांची सवय दाद देत नव्हती. चार मंगळवार झाल्यावर त्यांनी चमचा धुऊन माझ्या हातात दिला. "राहू दे, मॅडम. आता माझं अडत नाय." त्यांचं अडत नव्हतं हे खरंच होतं. मला मात्र फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी एक चमचा हातात घ्यायला हवा होता.

जानेवारीत सुकीचा शेवटचा दिवस होता. "काळी कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली," तिनं मला सांगितलं, एकही अक्षर न अडखळता, आणि वर "आता घरभर पिल्लं होतील" असंही बजावलं. मी केसपेपरवर सही केली आणि त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले. बाहेर तलासरीची गाडी भरत आली होती.

"काका, थांबा! आम्ही गाडीत येतोय!" सुकी ड्रायव्हरला ओरडली. सगळे क आणि ग जागच्या जागी.

रविना पुढे गेली. सुकी पायरीवर वळली. सुदामभाऊ तिथे केसपेपरचा गठ्ठा घेऊन उभे होते. तिनं त्यांचं बोट धरून हलवलं.

"येते हां, ताता."

"ये हां, सुते," सुदामभाऊ म्हणाले.