निनावीचा अर्धविराम

सोमवारच्या पेपरात पाचव्या पानावर, बियाण्यांच्या जाहिरातीखाली, बोटभर बातमी आली होती. मथळा असा : ‘शनिवारी दुपारी बारा वाजता जगभरातले इंटरनेट बंद पाडू; निनावीचा इशारा’. बातमी परदेशातली होती. चेहरे झाकून वावरणाऱ्या कुठल्याशा संगणकबहाद्दरांच्या टोळीने बड्या कंपन्यांचा निषेध म्हणून ही धमकी दिली होती, आणि त्या टोळीच्या इंग्रजी नावाचं मराठी करताना उपसंपादकाने मन लावून ‘निनावी’ हा शब्द योजला होता. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. फक्त त्याला टेकळगाव माहीत नव्हतं.

चुडाव्याच्या स्टेशनापासून पाच-सहा किलोमीटर आत असलेल्या टेकळगावात निनावी म्हणजे एकच माणूस, उद्धव गुरुजी.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली. त्यातल्या चार वर्षांत त्यांनी बसथांब्यापुढच्या सांडपाण्याबद्दल ग्रामपंचायतीला बारा अर्ज केले होते. थांब्याची शेड चांगली पत्र्याची, आत बाक; पण वरच्या आळीचं सगळं पाणी तिच्यापुढे येऊन साचायचं. बस यायच्या नि जायच्या, त्या थांब्यावर कायमचं थांबलेलं होतं ते पाणीच. बायका आणि शाळेच्या मुली रस्त्यापलीकडे उन्हात उभ्या राहायच्या. गेल्या श्रावणात गुरुजींच्या पत्नी लीलाबाई त्या राडीत घसरल्या आणि त्यांचा उजवा हात दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला. त्या दीड महिन्यात गुरुजी भाकरी थापायला शिकले. भाकरीला परभणी जिल्ह्याच्या नकाशाचा आकार यायचा, पण लीलाबाईंनी तक्रार केली नाही.

अर्जांखाली सही ‘निनावी’. कारण गावचे सरपंच बजरंगराव हे लीलाबाईंचे सख्खे धाकटे भाऊ, आणि भावाविरुद्धचा एक शब्दही लीलाबाई ऐकून घेत नसत. तेव्हा हा उद्योग बायकोला कळू नये, एवढी खबरदारी गुरुजींनी चार वर्षं डोळ्यांत तेल घालून घेतली होती. बाकी गावाला दुसऱ्याच अर्जाला कळलं. गुरुजींनी अक्षर बदललं होतं, पाकीट पूर्ण्याला जाऊन पेटीत टाकलं होतं, पण त्यांना अर्धविराम टाळता आला नाही. वाक्य जिथे संपत नाही आणि थांबल्याशिवाय राहवतही नाही, तिथे ते अर्धविराम देत, आणि अख्ख्या पंचक्रोशीत अर्धविराम देणारा दुसरा माणूस नव्हता.

त्यामुळे सोमवारी चहाच्या हॉटेलात बातमीचं जाहीर वाचन झालं, तेव्हा एकाने मथळ्यावर बोट ठेवलं. "हे बगा. टिंब, अन् खाली शेपूट."

पुढे बोलायला काही उरलंच नाही.

"नाली करंनात म्हणून येकदम जगाचं नेट?" दुसरा म्हणाला.

"चार वर्षं वाट पायली की माणसानं. अजून किती पाहावी?"

गावाने सगळ्यात आधी घरोघरी पाणी भरून ठेवलं. नेटचा आणि पाण्याचा काय संबंध, असं कोणी विचारलं नाही. काहीही बंद पडणार म्हटलं की आधी पाणी भरायचं, हा गावाचा अनुभव होता. मग सुकेशनीच्या सेवा केंद्रापुढे रांग लागली. सुकेशनी गुरुजींची जुनी विद्यार्थिनी. ऑनलाइन दाखले नि सातबारे काढून द्यायचं तिचं केंद्र. परदेशातली टोळी वेगळी, असं तिने पहिल्या दहा जणांना समजावून सांगितलं. अकराव्यापासून तिने नुसतं छापायला घेतलं. लोकांनी सातबारे छापून घेतले, आधार छापून घेतलं, लग्नातले फोटो छापून घेतले. एकाने आपला बँकेचा पिन मोठ्या टायपात छापून घेतला आणि तिथेच सगळ्यांना दाखवून बरोबर आला का, याची खातरजमा केली.

मंगळवारी सकाळी धुरपताबाई काठी टेकत गुरुजींच्या ओट्यावर आल्या. त्यांचा नातू सारंग पुण्याला होता, आणि रोज दुपारी बाराला जेवणाच्या सुट्टीत तो आजीला व्हिडिओ कॉल करायचा.

"गुरुजी, तुमचा राग खरा हाय," त्या म्हणाल्या. "बंद करायचं तर करा. पर बारा वाजता माझं सारंगसंगं बोलणं असतंय. अर्ध्या घंट्यानं करा की."

"धुरपताबाई, तो निनावी मी नाही."

"मंग तुमी कोणता?"

गुरुजींनी घाईने आत पाहिलं. लीलाबाई जात्यापाशी हरभऱ्याची डाळ निवडत बसल्या होत्या, पाठमोऱ्या.

"कोणताच नाही," गुरुजी हळू आवाजात म्हणाले.

"आसं कसं? निस्तं अर्धा घंटा म्हणायले मी."

"बरं, बघतो," गुरुजी म्हणाले, त्या जाव्यात म्हणून. ‘बघतो’ हा शब्द कचेरीत नकारार्थी असतो आणि गावात होकारार्थी, हे ऐन वेळी त्यांच्या लक्षात राहिलं नाही. धुरपताबाई समाधानाने उठल्या, आणि संध्याकाळपर्यंत टेकळगावापुरती वेळ साडेबाराची ठरली.

खरं सांगायचं तर गुरुजींना दोनच दिवसांत त्या परदेशी टोळीबद्दल आपुलकी वाटू लागली. न्हाव्याने त्यांना रांगेशिवाय खुर्चीत बसवलं. दूधवाल्याने दुधात पाणी घालायचं थांबवलं, किंवा निदान त्याने तसं सांगितलं. एका वाक्यात सगळा गैरसमज दूर झाला असता, पण ते वाक्य ‘मी नालीवाला निनावी आहे’ असं सुरू होत होतं, आणि ते लीलाबाईंच्या कानावर गेलं असतं. आणि दुसरं असं, की नाली अजून व्हायची होती.

गुरुवारी बजरंगराव आले. काखेत फाईल. दारात त्यांनी चपला काढून जोडीने नीट ठेवल्या. सरपंच झाल्यापासून हे पहिल्यांदाच.

"राम राम दाजी. अक्का, चहा नको गं, निस्तं पाणी दे."

लीलाबाई पाणी देऊन चहा टाकायला आत गेल्या.

"दाजी, सरळ मुद्द्याचं बोलतो," बजरंगराव म्हणाले. "शनवारी स्वच्छ गाव स्पर्धेचे फोटो नेटवर चढवायचे हायत. दुपारी पाचपस्तोर. शेवटची तारीख."

"मग आजच चढव की."

"आज कशाला? दोन दिस हायत अजून."

"आणि थांब्यापुढचं डबकं? ते फोटोत येणार नाही का?"

"शाळेच्या बाजूनं काढला की न्हाई येत." बजरंगरावांनी फुलपात्र खाली ठेवलं. "ते जाऊ द्या. तुमची मागणी मान्य. शनवारी सकाळी जेसीबी लावतो, पाणी वढ्याला काढून देतो. तुमी तेवढं तुमच्या माणसांना सांगा."

"कोणत्या माणसांना?"

"परदेशातल्या."

आत स्टोव्हवर भांडं चढल्याचा आवाज झाला. गुरुजींनी घसा साफ केला. "बजरंग, ते निनावी वेगळे. इथल्या निनावीचा आणि त्यांचा काडीचा संबंध नाही."

"इथल्याचा संबंध न्हाई, हे तुमाला कसं ठाव?"

तीस वर्षं गुरुजींनी मुलांना असंच कोंडीत पकडलं होतं, आणि त्यातलं एक मूल बजरंग होतं.

बजरंगरावांनी फाईल उघडली. "मी काय दगड हाय का दाजी? तेरा अर्ज हायत. तेरा."

"बारा," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली. "म्हणजे, बारा असतील. अंदाजे."

"तेरा. हा बगा तळातला." बजरंगरावांनी कागद दुमडून फक्त खालची सही दाखवली. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नीनावी’.

गुरुजींचा चेहरा पडला. "दीर्घ नी. हा त्याचा नव्हे. तो माणूस कसाही असो, अशुद्ध लिहिणार नाही."

"ते काय का असंना. एवढा येक वाचला तवा मला झोप लागली न्हवती," बजरंगराव म्हणाले आणि फाईल मिटली. आत कपबशी जरा जास्तच जोरात ठेवली गेली. चहा आला. तिघांनी तो फुंकून फुंकून प्यायला.

शनिवारी सकाळी आठला जेसीबी आला. चालवणारा हरिओम, पिंगळीचा. अख्खं गाव काठाला उभं राहिलं. अकरापर्यंत चर ओढ्याच्या दिशेने निम्म्यावर गेला आणि डबक्यातलं पाणी चार वर्षांनी प्रथमच हललं.

बारा वाजले. सगळ्यांनी खिशातले फोन काढून पाहिले. नेट चालू होतं. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं. चालूच. लोकांना हायसं वाटलं आणि थोडी निराशाही झाली. पाहुणे येणार म्हणून केलेला स्वयंपाक तसाच राहिल्यासारखं झालं. घरी धुरपताबाईंचं सारंगशी बोलणं सुरू होतं.

"साडेबारा ठरलेत," कोणीतरी आठवण करून दिली.

बाराला टांगणीला लागलेला गुरुजींचा जीव जागेवर आला होता. साडेबाराला दोन-तीन मिनिटं असताना हरिओमने बकेट खाली घातलं, वर उचललं, आणि मातीबरोबर एक भगव्या रंगाची लांबलचक नळी वर आली, ताणली, आणि तुटली. ती कुठल्या कंपनीची होती आणि हातभर खोलीवर कशी पुरली होती, हे कोणाला ठाऊक नव्हतं. नळीवरही काही लिहिलेलं नव्हतं. ती निनावीच होती.

अर्ध्या मिनिटात टेकळगावातल्या एकूण एक फोनवरची सिग्नलची काडी गेली.

लोकांनी वळून गुरुजींकडे पाहिलं. कोणी रागावलं नव्हतं. शब्दाला जागणारा माणूस पाहिल्यावर लोक जसे पाहतात, तसे ते पाहत होते. तेवढ्यात धुरपताबाई काठी टेकत आल्या.

"बोलणं झालं बगा माझं, मंगच गेलं," त्या म्हणाल्या. "लय उपकार."

जगातलं नेट चालू आहे की बंद, हे आता गावाला कळायला मार्ग नव्हता, कारण ते नेटवरच कळतं. दुपारी तीनची पूर्ण्याची बस आली तेव्हा कंडक्टरने सांगितलं की पूर्ण्यात सगळं ठीक आहे, आत्ताच त्याने क्रिकेटचा स्कोर पाहिला. म्हणजे सगळं जग सोडून फक्त टेकळगावचं बंद केलं, असा अर्थ लोकांनी काढला, आणि एवढा विचार करून वागल्याबद्दल गुरुजींचं कौतुक झालं.

तोवर नाली ओढ्याला भिडली होती. शेडपुढची जमीन ओली होती, पण जमीन होती. बायका चार वर्षांनी बाकावरून उठून बसमध्ये चढल्या. बजरंगरावांनी नालीचे सहा फोटो काढले, शाळेच्या बाजूनेही आणि थांब्याच्या बाजूनेही. ते चढवायला ते त्याच परतीच्या बसने पूर्ण्याला निघाले. पायरीवर पाय ठेवता ठेवता त्यांनी फाईल गुरुजींच्या हातात दिली.

"हे ठिवा तुमच्यापाशी. पंचायतीत याचं आता काम न्हाई."

बस गेली. भावाला निरोप द्यायला आलेल्या लीलाबाई बाकाच्या एका टोकाला बसल्या, दुसऱ्या टोकाला गुरुजी. त्यांनी फाईल उघडून थेट तळाचा कागद काढला. ओळी चढाला लागल्या होत्या, अक्षरं पहिलीच्या पाटीवरची. ‘साहेब, बाईमाणसानं बसची वाट पाहायची तर कुठं उभं राहायचं. मी पडले. हात मोडला. दुसरं कोणी पडायच्या आत बघा. नीनावी.’

सवयीने गुरुजींचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. मग त्यांना वरची तारीख दिसली. श्रावणातली.

"डाव्या हातानं तसंच येतंय," लीलाबाई नालीकडे बघत म्हणाल्या.

गुरुजींनी कागदाची घडी बोटाने सपाट केली. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"पयल्या अर्जापासून. दार लावून माणूस लिवायला बसला की येक तर मृत्युपत्र असतंय, न्हाई तर तक्रार. मृत्युपत्र करावं येवढं आपल्याकडं काय हाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतेत. अन् तुमी तर निनावी."

"पण मी बारा लिहिले होतेच की. तू तेरावा कशाला?"

"वाचलेत मी बाराच्या बारा, तुमी पाकीट चिकटवायच्या आत. डास होते, आरोग्य होतं, शासनाचा निर्णय होता. म्या पडल्यालं कुठं होतं त्यात?"

ते लिहिलं तर आपण ओळखू येऊ, म्हणून गुरुजींनी लिहिलं नव्हतं. त्यांनी तो कागद फाईलीत सगळ्यात वर ठेवला. पेन मात्र खिशातून बाहेर आलंच नाही. नी दीर्घच राहिला.

चराच्या काठावर तुटलेली भगवी नळी तोंड वर करून पडली होती. लीलाबाईंनी हनुवटीने तिकडे दाखवलं. "हिच्यात कोणाचा तरी पाय अडकंल. चौदावा अर्ज द्यावा लागतंय."

"लिहितो उद्या."

"मी लिवते. आता हात बरा हाय." त्यांनी पदराने बाकावरची धूळ झटकली. "निस्तं ते टिंबाखालचं शेपूट कुठं द्यायचं, तेवढं सांगा."

"जिथे संपत नाही," गुरुजी म्हणाले, "आणि थांबल्याशिवाय राहवतही नाही, तिथे."

लीलाबाई जरा जवळ सरकल्या. पुढच्या बसला अजून वेळ होता.