आरतीच्या मापाचा ड्रेस

मी एक जुना ड्रेस आहे. गडद हिरवा, सुती, अंगावर पांढरे बारीक ठिपके. पण मित्रांनो, जुना म्हणालो म्हणून लगेच मला फरशी पुसायच्या फडक्यांत ढकलू नका हं! मी मापाचा ड्रेस आहे. आमच्या आरतीला नवीन कपडा शिवायचा ठरला, की तिच्याऐवजी मी पिशवीत बसतो, एसटीत चढतो आणि अहमदपूरला शिंपिणीकडे जातो. ती मला टेबलावर पसरते, माझ्यावर टेप धरते आणि माझ्या मापाचा दुसरा ड्रेस शिवते. ही माझी नोकरी. या नोकरीत मी एकदाच चुकलो. त्या चुकीपायी माझ्या आरतीचं फार मोठं दुखणं उघड्यावर आलं. तेच तुम्हाला सांगायला बसलोय.

माझा जन्म आरतीच्या दहावीच्या निकालानंतरचा. अहमदपूरपासून अर्ध्या तासावर आमचं गाव. शेषेराव आणि केवळाबाई तिथं शेती करतात. त्यांना सुदर्शन हा थोरला मुलगा आणि आरती ही धाकटी लेक. निकाल चांगला लागला म्हणून केवळाबाई लेकीला घेऊन रविकांतशेठच्या कापडदुकानात आल्या. शेठनं विचारलं, "मौशी, बजेट सांगा, म्हंजी तसा माल काढतो."

"तू आधी कापड दाव. बजेट मी मंग सांगते," केवळाबाई म्हणाल्या. या बाईंना दुकानात कुणी फसवू शकत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं.

दीड तास! दीड तास आरतीनं ते दुकान डोक्यावर घेतलं. केवळाबाईंच्या हातात चमकीचा गुलाबी ड्रेस पीस होता. आरती म्हणाली, "माय, ते लग्नातल्या मांडवावानी दिसायलंय." मग निळा नको, तो फिका नको, त्याची ओढणी टोचते. शेवटी तिनं मला गठ्ठ्याच्या तळातून ओढून काढलं आणि छातीशी धरलं. केवळाबाईंनी मला दोन बोटांत चोळून पाहिलं. कोपरा ओला करून रंग जातो का तेही बघितलं, आणि म्हणाल्या, "बरा हाय. मळ झाकून घेईल."

मला शिवलं पार्वतम्मानं. ती उदगीरकडची. मराठी बोलते, पण आकडे मनातल्या मनात कानडीतच मोजते. आरतीला समोर उभं करून तिनं खांदा, बाही, घेर सगळं मापलं. कंबरेशी टेप नेला, "इप्पत्तेंटु" असं पुटपुटली आणि वहीत अठ्ठावीस लिहिलं. मला घालून आरती शाळेच्या सत्काराला गेली तेव्हा बायका केवळाबाईंना विचारत होत्या, "कुठं शिवलाव ओ?" मी तर फुगून टम्म झालो होतो.

पुढं आरती लातूरला गेली. अकरावी, बारावी, डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास आणि मुलींच्या वसतिगृहातली एक खाट. वर्षभर तिनं मला घातलं. मग माझी बगलेतली शिवण गेली, खिशापाशी शाईचा डाग पडला. तिनं मला घरी आणून टाकलं. मला वाटलं, संपलं आता. भांडेवालीच्या बोचक्यात जायचं आणि बदल्यात एक वाटी यायची. पण केवळाबाईंनी माझी घडी घातली. म्हणाल्या, "ह्ये लेकीच्या अंगाला बराबर बसतंय. मापाला ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून आमची जोडी जमली. आरती लातूरला अभ्यासात, आणि तिच्या कपड्यांचं सगळं मी आणि केवळाबाई बघायचो. त्यांचे काही कायदे होते. क्लासला जायचा ड्रेस सुती, गडद आणि खिसेवाला. पातळ कापड असेल तर अस्तर लावायचंच, उगं पैसे वाचवायचे नाहीत. दिवाळीचा जरा रंगीत, पण पुढं रोज वापरता आला पाहिजे. पाहुण्यांकडं जायचा साधा पण नवा. दुसऱ्याच्या घरी आपला भपका कशाला, असं त्यांचं म्हणणं. आणि प्रत्येक वेळी फोन लावून आरतीला विचारायचं. आरती तिकडून भांडायची. "माय, ती बाही नगं. गळा लई मोठा करू नगंस." मी पिशवीतून ते भांडण ऐकायचो. मला ते फार आवडायचं.

बारावीच्या साली आरतीचे मार्क कमी पडले. ती पुन्हा एक वर्ष तयारी करायला लातूरला राहिली. त्याच वर्षी डिसेंबरात सुदर्शनचं लग्न निघालं, मुदखेडच्या श्रद्धाशी. घरातलं पहिलं लग्न! नवरदेवाच्या बहिणीला दोन ड्रेस हवेत, एक हळदीचा आणि एक लग्नाचा. केवळाबाई मला घेऊन रविकांतशेठकडे गेल्या. सुदर्शनही सोबत होता.

"हळदीचा हलक्यातला दाव," केवळाबाई शेठला म्हणाल्या. "एका दिवसात पिवळाधमक व्हायचा हाय त्यो. लग्नाचा मातर भारीतला. पुढं चार लग्नं चालला पायजे."

हळदीला पिवळं सुती कापड लगेच ठरलं. लग्नासाठी तीन ड्रेस पीस समोर आले. एक जांभळा जरीकाठाचा, एक मोरपंखी, एक डाळिंबी. सुदर्शननं तिन्हींचे फोटो आरतीला पाठवले. मी आता चांगलं भांडण ऐकायला मिळणार म्हणून सरसावून बसलो. फोनवर उत्तर आलं, "कोणताही घ्या."

केवळाबाईंनी फोन लावला. "आगं, भावाचं लगीन हाय. रंग तर सांग."

"कोणताही चालंल, माय. तुला आवडंल ते घे."

"पोरगी शहाणी झाली बगा," केवळाबाई कौतुकानं शेठला म्हणाल्या आणि त्यांनी डाळिंबी घेतला. मला मात्र कसंसंच झालं. ज्या पोरीनं माझ्यासाठी दीड तास दुकान डोक्यावर घेतलं, तिला आज रंगच नको? पण ड्रेसला कुठं तोंड असतं! मी मुकाट्यानं पार्वतम्माच्या टेबलावर पसरलो. तिनं माझ्यावरून माप घेतलं आणि दोन्ही ड्रेस शिवून दिले. मला विचाराल तर काम चोख झालं होतं.

आदल्या दिवशी टेस्ट होती म्हणून आरती हळदीच्या दिवशीच सकाळच्या एसटीनं आली. आली ती थेट आतल्या खोलीत गेली आणि पिवळा ड्रेस घालून बाहेर आली. अंगणातल्या बायका हसायलाच लागल्या. बाह्या लोंबत होत्या, कंबरेशी नुसता घोळ. एक चुलती म्हणाली, "आगं, ह्यात आजून एक आरती मावंल की!" डाळिंबी घालून बघितला, तर तो खांद्यावरून घसरायला लागला. लग्न उद्या होतं.

केवळाबाईंचा पारा चढला. "त्या पार्वतम्मानं माप बिघडिवलं. थांब, बगतेच तिला." हळद कालवायची सोडून त्यांनी मला आणि दोन्ही ड्रेस पिशवीत कोंबलं, आरतीचा दंड धरला आणि रिक्षा करून अहमदपूर गाठलं. रस्ताभर त्या पार्वतम्माला बोलत होत्या. मी घाबरून गेलो होतो. माप माझं होतं ना!

दुकानात शिरल्या शिरल्या केवळाबाईंनी डाळिंबी ड्रेस टेबलावर आपटला. "काय शिवलंस ग ह्ये? उद्या लगीन हाय माझ्या लेकाचं!"

पार्वतम्मानं मला पसरलं, माझ्यावर डाळिंबी पसरला. खांद्याला खांदा, कंबरेला कंबर. एका दोऱ्याचाही फरक नव्हता.

"बगा अक्का, शिवण चुकली न्हाई," ती म्हणाली. मग तिनं आरतीकडे पाहिलं. गळ्यातला टेप काढला आणि तिच्या कंबरेभोवती धरला. "इप्पत्तैदु," ती पुटपुटली. तिनं टेप सोडला, पुन्हा धरला. पुन्हा तेच.

"म्हंजी किती?" केवळाबाईंनी विचारलं.

"पंचवीस. ह्याच्यावर अठ्ठावीस हाय." तिनं माझ्यावर हात ठेवला. "तीन इंच पोरगी कमी झाली, अक्का. शिवणीत न्हाई गेली ती."

केवळाबाईंनी पोरीला दाराच्या उजेडाकडे वळवलं. लेकीच्या तोंडाकडे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं असेल. गालाची हाडं वर आली होती. लग्नाच्या गडबडीत कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. रोज फोनवर एकच प्रश्न व्हायचा, जेवलीस का, आणि एकच उत्तर यायचं, हाव माय, जेवले.

"कवापासून जेवत न्हाईस?"

आरती आधी हसली, मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "जेवते गं. पण डबा अर्धा परत जातो. भूकच लागंना. टेस्टात मार्क कमी आले की डबा उघडूच वाटंना. गेल्या साली झालं न्हाई. ह्या साली पण न्हाई झालं, तर कोणत्या तोंडानं घरी येऊ?"

"ह्याच तोंडानं ये!" केवळाबाई ओरडल्याच. मग त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "दुसरं कुठून आणशील ग? ह्याच तोंडानं यायचं आन् ह्याच तोंडानं जेवायचं. मार्क येतेत, न्हाई येत. तू ये बस."

मग दोघी रडल्या. पार्वतम्मा मशीनकडे तोंड करून दोरा ओवत बसली, तिला तो लवकर ओवताच येईना. आणि मी, मित्रांनो, मला इतकी लाज वाटली की काय सांगू! दोन वर्षं मी या माउलीला सांगत होतो की तुझी लेक अशी आहे, एवढी आहे. तिनं माझ्यावर भरवसा ठेवला. मी तर होतो तसाच राहिलो, आणि लेक तिकडं झिजत गेली.

थोड्या वेळानं पार्वतम्मानं कात्री उचलली. "जादाचं कापून आत घेऊ का, अक्का?"

"कापू नगं," केवळाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "नुसती टीप मार. समदं कापड आत ऱ्हाऊ दे. पोरगी भरली की उसवायला मीच येते."

पार्वतम्मानं अर्ध्या तासात दोन्ही ड्रेसना आतून टिपा मारल्या. पैसे घ्यायला ती तयारच होईना. लग्न थाटात झालं. डाळिंबी ड्रेस आरतीला शोभून दिसला. पंगतीत केवळाबाई वऱ्हाडाला सोडून लेकीच्या ताटाशी बसल्या होत्या.

त्यानंतर माझी नोकरी बदलली. दर दुसऱ्या रविवारी केवळाबाई लातूरला निघायच्या. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गाडग्यातलं दही आणि सगळ्यांत वर मी. वसतिगृहात पोचल्या की आधी जेवण. मग मला झटकून पुढं करायच्या, "घाल बघू." आरती मला घालायची. केवळाबाई तिच्या कंबरेशी माझं सैल कापड धरून बघायच्या. पहिल्या वेळी मूठभर आलं.

"माय, बाजारात म्हैस बघतेत तसं बघू नगंस ना," आरती वैतागून म्हणाली.

"म्हशीला बोलता येत न्हाई म्हणून चाचपावं लागतंय. तू बोल, मंग न्हाई चाचपत."

आणि आरती हळूहळू बोलायला लागली. कोणत्या टेस्टात रडू आलं, कोणत्या मैत्रिणीबरोबर डबा खाल्ला, कोणता धडा डोक्यावरून गेला. केवळाबाईंना त्यातलं निम्मं कळत नसे, पण त्या हुंकार भरत बसायच्या. फेब्रुवारीत माझं कापड चार बोटांत आलं. मार्चमध्ये दोन बोटांत. एका रविवारी आरती माझ्याकडे बघून म्हणाली, "पुढच्या खेपेला पोपटी ड्रेस पीस बघ माय, ह्या गडद हिरव्याचा कटाळा आला. आन् गळा लई मोठा करू नगंस." अपमानच होता तो माझा! पण खरं सांगतो, त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो सत्काराच्या दिवशीही झाला नव्हता.

मित्रांनो, घरातले जुने कपडे जपून ठेवा, त्यांना कसर लागू देऊ नका. पण माणसाला कधी जुन्या मापानं मोजू नका. ते शिकायला जातं, कामाला जातं, आणि तुमच्या पिशवीत त्याचं जुनं मापच राहतं. फोनवरच्या 'जेवले' वर जाऊ नका. ते दारात आलं की मार्क, पगार, कपडे सगळं मागाहून. आधी त्याला जवळ बसवा आणि डोळे भरून बघा.

एप्रिलच्या एका रविवारी आरतीनं मला घातलं. केवळाबाईंनी नेहमीसारखी कंबरेशी चिमूट धरली. कापड आलंच नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूनं धरून पाहिलं. तिथंही नाही. त्यांनी माझ्यावरून आणि आरतीवरून एकदमच हात फिरवला. परतीच्या वाटेवर त्या अहमदपूरला उतरल्या आणि पार्वतम्मासमोर आरतीकडून आणलेला डाळिंबी ड्रेस ठेवून म्हणाल्या, "उसव." पुढं परीक्षेत काय झालं ते मला विचारू नका. मला मार्कांतलं काही कळत नाही. मला फक्त माप कळतं, आणि ते आता बरोबर आहे.