भांडीघाशा

"यात नाहीच आहे तो," पुस्तक मिटत ते गृहस्थ म्हणाले.

"नीट बघा हो. 'भ'मध्ये बघितलंत का?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"बघितलं. मागची सगळी यादी वाचून काढली. भांडीघाशा नावाचा पक्षी नाही, आणि त्या दुसऱ्या पुस्तकात रुसूबाई नावाचं फूलही नाही."

शेजारी खुंटी ठोकणाऱ्या तंबूकाकांचा हातोडा खुंटी सोडून मातीत बसला.

डोंगरावरच्या या शिबिरात तंबू उभारायचे, फाटलेले शिवायचे आणि दोऱ्या बदलायच्या, यात काकांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. एरवी मुलांनी ठेवलेलं तंबूकाका हेच नाव चालायचं. शाळांच्या सहली येऊन गेल्या होत्या. आता अख्ख्या पठारावर या नवराबायकोचा एकच तंबू होता. गृहस्थ औषधांच्या दुकानात कामाला होते, असं चढण चढताना बोलण्यात आलं होतं. बारीक अक्षर वाचताना चष्मा कपाळावर सरकवायची त्यांना सवय होती. गळ्यातली दुर्बीण इतकी नवी की तिचा पट्टा अजून सरळ पडत नव्हता. बाई वाटेतल्या प्रत्येक फुलापाशी थांबत आल्या होत्या, पण एकही त्यांनी तोडलं नव्हतं.

भांडीघाशा आणि रुसूबाई, दोन्ही नावं काकांची होती.

फार पूर्वी कुठल्याशा मुलाने त्यांना एका पिवळ्या फुलाचं नाव विचारलं होतं. माहीत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा एवढासा झाला. काकांच्या गावात नाव असायचं ते जे खाता येतं त्याला, नाहीतर ज्याने अंगाला खाज सुटते त्याला. बाकी सगळं गवत. शहरातल्या पोरांना मात्र प्रत्येक गोष्टीला नाव लागायचं. मग काकांनी नावं द्यायला सुरुवात केली. ढग आला की पाकळ्या मिटून घेणारं निळं फूल झालं रुसूबाई. गवतातून तुरुतुरु पळणारं पाखरू झालं उशीरमास्तर. मुलं हसायची, नावं घोकायची, आणि खाली उतरली की विसरून जायची. निदान काका तसं धरून चालले होते.

"हे नाव तुम्हाला कुठं मिळालं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. ते दुर्बिणीच्या काचा पुसायला लागले.

"आमची मुलगी आली होती इथे, शाळेबरोबर," बाई म्हणाल्या. "घरी आल्यावर दुसरा विषयच नाही. जेवताना तेच, वेण्या घालताना तेच. मग आजारी पडली. अंथरुणात पडल्या पडल्या म्हणायची, मी बरी झाले ना की तुम्हाला भांडीघाशा दाखवायला नेते. बाबांना फार चढवत नाही, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून हळूहळू नेते." त्यांनी पायाशी आलेलं गवत हाताने सरळ केलं. "नाही झाली बरी. म्हणून आम्हीच आलो."

काका खुंटी हातात धरून तसेच बसले. गप्प राहता आलं असतं. सकाळी कुठल्याही पाखराकडे बोट दाखवलं असतं, तरी दोघं समाधानाने खाली उतरली असती. कोणत्या झाडाकडे बोट दाखवायचं तेही त्यांनी मनात ठरवून टाकलं. पण गृहस्थांनी पुस्तक पुन्हा उघडलं होतं. ओळीखाली बोट फिरवत ते वाचत होते, एक नाव चुकलं तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल अशा काळजीने. काकांना ते बघवेना.

"साहेब, त्यात नका शोधू," ते म्हणाले. "ते नाव मी ठेवलंय. मनानेच. फुलाचंपण."

"म्हणजे?"

"म्हणजे थापच की. पोरं विचारायची आणि मला काही ठाऊक नसायचं. मग द्यायचं काहीतरी ठोकून."

गृहस्थांनी पुस्तक मिटलं. "ती शेवटपर्यंत खरं धरून बसली होती," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून काकांना तो जास्त लागला.

"पण पक्षी तर होता ना?" बाईंनी विचारलं. "कोणता होता?"

"तेच सांगता येत नाही, ताई. ते नाव माझ्या तोंडात बसलं होतं. ज्याचा आवाज खरखरीत, तो भांडीघाशा. असे दोन-चार तरी असतील."

"आणि ती? ती आठवते का तुम्हाला? दोन वेण्या, समोरचा एक दात जरासा पुढे. भारी बडबडी होती."

दोन वेण्यांच्या, बडबड्या कितीतरी मुली दर हंगामात येऊन जायच्या. 'हो' म्हणायला काय लागत होतं?

"नाही आठवत, ताई."

गृहस्थ उठले आणि पाठ फिरवून पठाराच्या कडेकडे चालू लागले. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. गवताकडे बघत म्हणाल्या, "सांगू?"

"सांगा की."

त्यांनी अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. जन्मली तेव्हा रडलीच नव्हती, तिथपासून. मोजे उलटे घालायची, शिवण बोटांना टोचते म्हणून. वजनकाट्याशी भांडायची, आकडा खोटा दाखवतो म्हणून. कुणाच्या घरी गेली की आधी त्यांची मांजर शोधायची, मग माणसांशी बोलायची. घरी बाईंनी मुलीचा विषय काढला की जाऊ पाठीवरून हात फिरवायची, शेजारीण चहा टाकायला उठायची, नवरा खोलीबाहेर जायचा. सगळ्यांना सगळं माहीत होतं, त्यामुळे कुणाला काही सांगायची सोयच राहिली नव्हती. या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं. काका मांडीवर फाटका पडदा घेऊन टाके घालत होते. बाई थांबल्या की ते "मग?" म्हणायचे, आणि बाई पुढे सांगायच्या. ऊन उतरलं, टेकडीची सावली तंबूपर्यंत आली, तरी त्या सांगतच होत्या.

"आवाजसुद्धा काढून दाखवायची त्याचा," त्या म्हणाल्या.

काकांची सुई थांबली. "कसा?"

बाई संकोचल्या. मग ओठांवरून जीभ फिरवून त्यांनी हळूच आवाज काढला. "खर्र... खर्र... टक्. टक्-टक्."

परत येत असलेले गृहस्थ होते तिथेच उभे राहिले.

"अजून एकदा काढा," काका म्हणाले.

या वेळी बाईंनी डोळे मिटून, मान जराशी मागे टाकून तो आवाज काढला. ती लकब त्यांची स्वतःची नसावी. गृहस्थांनी हाताने तोंड झाकलं.

"झुडपाच्या शेंड्यावर बसतो तो," काका म्हणाले. "काळं डोकं, तांबूस छाती. शेवटी ते दगडावर दगड आपटल्यासारखं करतो ना, तसं इथे दुसरं कुणी करत नाही. पोरीने बरोबर उचललं होतं."

सकाळी ते दोघांना पाणवठ्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. गवत दवाने ओलं होतं. तिघं एका खडकाच्या आडोशाला बसली. रुसूबाई अजून मिटलेल्याच होत्या. बाईंनी त्यातल्या एकीवरून नुसतं बोट फिरवलं. ऊन खाली पोचलं तसा तो आला. वाळक्या काटकीच्या टोकावर बसला, शेपटी झटकली आणि भांडी घासायला लागला.

गृहस्थांनी दुर्बीण आधी बायकोच्या हातात दिली. बाईंनी ती डोळ्यांना लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. दुर्बिणीखालून पाणी गालावर उतरत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

मग गृहस्थांनी पुस्तक उघडलं. या वेळी नाव शोधायचं नव्हतं, चित्र शोधायचं होतं, आणि ते लगेच सापडलं.

"गप्पीदास," त्यांनी वाचलं. "गप्पीदास म्हणतात याला."

"हेही कुणीतरी असंच ठेवलं असणार," काका म्हणाले.

गृहस्थांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला.

"गप्पीदास," बाई म्हणाल्या. "अहो, तिला सांगायला..." आणि पुढचं त्यांनी गिळून टाकलं. पाखरू उडून पलीकडच्या झुडपावर जाऊन बसलं. तिथूनही त्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत कुणी उठलं नाही.

चहा झाल्यावर काका तंबू उतरवायला लागले. बाई पाणवठ्यावर कप विसळायला गेल्या होत्या. काकांनी कापड गवतावर पसरून दव झटकलं, तेव्हा गृहस्थ पुढे आले.

"एकट्याने कसं होईल? मी धरतो."

एकट्याने करायची काकांना सवय होती, पण त्यांनी पलीकडची टोकं गृहस्थांकडे सरकवली. दोघांनी दोन-दोन टोकं धरली, कापड ताणलं आणि एकमेकांकडे चालत आले. पहिली घडी झाली. पुन्हा मागे गेले, पुन्हा ताणलं. अर्ध्या वाटेत गृहस्थ थांबले. टोकं हातात तशीच होती, पण मान खाली गेली होती आणि खांदे हलत होते.

काकांनी आपली बाजू सैल पडू दिली नाही. कापड जमिनीला लागणार नाही इतकं वर धरून, दुसरीकडे बघत, ते थांबून राहिले.