मी पुढाऱ्यांच्या पायाखालचा ठोकळा

मी एक लाकडी ठोकळा बोलतोय. हसू नका. माणसांतही ठोकळे असतात, आणि ते तर माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलतात.

दाराची चौकट करून उरलेल्या लाकडातून एका सुताराने मला बनवलं. कारण साधं होतं. कपडे धुणाऱ्या कामगारांच्या सहकारी संस्थेचे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले, की पोडियमवरून लोकांना फक्त त्यांचा भांग दिसायचा. मला मागे ठेवलं आणि अध्यक्ष एका दिवसात उंच झाले.

माझ्यावर चढले की त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "नेता जन्मावा लागतो. शिकून माणूस पोहेल, गाडी चालवेल, पण पुढारी होणार नाही." सभा माना डोलवायची. जन्मजात नेत्याच्या तळपायांना केवढा घाम सुटतो, हे माझ्याशिवाय कुणाला कळणार?

त्यांची लेक तिथेच पाळीवर मुकादम होती. लहानपणी पाहुणे आले की ही आईच्या मागे लपायची, तेव्हाच बापाने तिच्या नेतेपणावर पाणी सोडलं होतं. मग एके दिवशी बॉयलरच्या वाफेने चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशींचा हात भाजला. तो बंद करून उघडून बघायलाच हवा, असं लेकीच्या मनाने घेतलं. अध्यक्ष म्हणायचे, "एवढा हंगाम जाऊ दे. काम थांबलं तर हॉटेलांच्या चादरी दुसरीकडे जातील." त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. निर्णय सभासदांच्या सभेत व्हायचा होता आणि तिथे अध्यक्षांसमोर उभं राहून बोलायला कुणी तयार नव्हतं.

लेकीने नेतृत्वाच्या शिबिरात नाव घातलं. तिथल्या सरांचंही एक वाक्य ठरलेलं. "नेता घडवावा लागतो, आणि आम्ही घडवतो." सभेआधी ते स्वतः तालीम घ्यायला आले. कुठे थांबायचं, कुठे हात उंचावायचा, कुठे मागच्या रांगेकडे बघून हसायचं, सगळं पढवून झालं.

"आणि ठोकळ्यावर चढा," सर म्हणाले. "इथले अध्यक्ष त्यावरच उभे राहतात ना?"

"सर, मी बाबांपेक्षा चांगली वीतभर उंच आहे."

"उंची कधी वाया जात नाही."

शिकलेल्या माणसापुढे काय बोलणार? ती चढली. सभेच्या दिवशी माईक तिच्या पोटाशी आणि पंखा डोक्याशी. तिने ठरल्याप्रमाणे हात उंचावला आणि पंख्याच्या भीतीने लगेच खाली घेतला. ठरल्याप्रमाणे थांबली, तर तेवढ्यात मागच्या रांगेने चहा मागवला. मला तिची फार दया आली.

तेवढ्यात घडीवाल्या मावशी उठल्या. हाताला अजून पट्टी होती.

"ताई, ते सगळं असू दे. मी उद्या कामावर येऊ की नको, तेवढं सांगा."

हा प्रश्न शिबिरात आलाच नव्हता. अध्यक्ष खुर्चीत सैलावले. मग लेक माझ्यावरून उतरली आणि थेट मावशींपाशी जाऊन उभी राहिली.

"नका येऊ. बॉयलर उघडून बघेपर्यंत मीही येणार नाही. मला भीती वाटते त्याची. काम जाईल याचीही वाटते. पण तुमचा हात बघितल्यावर कुणाला आत जा म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

माईक नव्हता, तरी मागच्या रांगेतला चहा निवून गेला. लोकांनी हात वर केले आणि बॉयलर बंद झाला. वाफ सोडणारी झडप गंजून अशी घट्ट बसली होती, की दुरुस्तीला आलेला माणूस ती बघून आधी मागे सरकला.

पुढची गंमत ऐका. अध्यक्ष भेटेल त्याला विचारू लागले, "शेवटी रक्त कुणाचं?" सरांनी लेकीचा फोटो जाहिरातीत छापला, खाली 'आमची विद्यार्थिनी'. लेकीला दोन्हीकडे बघायला सवड नव्हती. काही चादरी खरंच दुसरीकडे गेल्या होत्या आणि ती हॉटेलांचे उंबरठे झिजवत होती.

मला विचाराल तर नेते जन्मतही नाहीत आणि घडतही नाहीत. ते चढतात. ही एकटी उतरली. पण ठोकळ्याचं मत घेतंय कोण?

आता मी घडीच्या खोलीत असतो. मावशी माझ्यावर बसून दम खातात. परवा त्या चादरी उचलत असताना अध्यक्ष आत आले. बसायला दुसरं काही दिसेना, तेव्हा माझ्यावरच टेकले.

"हात कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"चादर ताणताना दुखतो. एक टोक धरता का?"

ते उठले आणि फरशीवर उभे राहून त्यांनी टोक धरलं. त्यांची उंची पुरेना, चादर तिरकी व्हायला लागली. मावशींनी आपले हात जरा खाली घेतले.

तर मंडळी, तुमच्याकडे कुणी पुढारी तयार होत असेल, जन्माने किंवा फी भरून, तर त्याच्यासाठी मला मागायला येऊ नका. मी कामात आहे.